कॅमेरा घेताय? आधी घरच्यांना विचारा!

सकाळी साडेआठला हिंजवडीची बस, घरी यायला रात्रीचे आठ. लेक दहा महिन्यांची. तिच्यासाठी आई साताऱ्याहून आलेली. मग आमच्या डोक्यात आलं, हॉलमध्ये कॅमेराच बसवूया. ऑफिसात बसल्या बसल्या मोबाइलवर पिल्लू दिसेल!

दुकानात गेलो तर मेगापिक्सेलचा नुसता पाऊस. खरं सांगू? एका हॉलला १०८०पी पुरतो. विचारायच्या गोष्टी वेगळ्याच. बरेचसे स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात. तुमचा राउटर तो देतो ना? रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर होतं, की क्लाउडसाठी दरमहा पैसे मोजायचे? लाइट गेली की वाय-फायही जातं, म्हणून राउटर आणि कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. कॅमेरा खिडकीच्या काचेमागून बाहेर रोखू नका. रात्री त्याचा इन्फ्रारेड उजेड काचेवरून उलटा येतो आणि चित्र पांढरंफटक!

आणि पासवर्ड? तो पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

एवढा अभ्यास करून कॅमेरा लावला. पण चार दिवस झाले तरी दुपारी आई हॉलमध्ये दिसेचना. पिल्लू झोपलं की ही गायब! संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली, “स्वयंपाकघरात सतरंजी टाकून पडते गं. हॉलमध्ये पाय पसरून टीव्ही कसा बघू? जावईबापू पण बघत असतील की तिकडून.”

मला एकदम कसंतरीच झालं. गुडघे दुखणारी माझी आई माझ्याच घरात अंग चोरून वावरत होती. वाय-फायचा स्पीड तपासला होता, पण तिला साधं विचारलंही नव्हतं.

त्याच रात्री कॅमेरा हलवला. आता तो फक्त मेन दाराकडे बघतो. माइक बंद. कामाच्या मावशींनाही तो कुठे आहे ते दाखवून ठेवलंय. लेन्सवर सरकतं झाकण आहे, ते आईच्या हातात. तेव्हा दुकानात गेलात की झाकणाचं नक्की विचारा.

आणि पिल्लू? दुपारी दीडला मी सरळ आईला फोन लावते. परवा म्हणाली, “आज धरून उभी राहिली बरं का, सोफ्याला!”