जुनी ट्रॉली घेताय? आधी हूक पाहा, मग भाव करा

अमरावती-अकोला पट्ट्यात सोयाबीन निघाले आणि कपाशीची वेचणी सुरू झाली की जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागणी येते. घेणारा कास्तकार टायर पाहतो, पत्रा ठोकून पाहतो आणि भाव करतो. पण भरलेल्या ट्रॉलीचा सगळा भार ओढला जातो तो दांडा, हूक आणि एका पिनवर. तो जोड भर रस्त्यात तुटला तर ट्रॉली कुणाच्याही अंगावर जाऊ शकते. त्यामुळे तपासणीची सुरुवात तिथूनच करावी.

हूक झिजला हे कसे ओळखायचे?

ट्रॉलीच्या कडीत पिन ट्रॅक्टरकडच्या बाजूला सतत घासते. तिथे आतून बोट फिरवा. भोक गोल न राहता लांबट झाले असेल किंवा खाच लागत असेल, तर कडी झिजली आहे. कडीची जाडी या ठिकाणी आणि बाजूला मोजा. फरक लगेच कळतो. झिजलेल्या जागी साधे वेल्डिंग भरून कडी पुन्हा गोल केलेली असेल, तर ती बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

ताज्या रंगाखाली काय?

फक्त दांड्याला आणि हुकालाच नवा रंग दिसला तर सावध व्हा. जोडाजवळचा रंग तारेच्या ब्रशने काढायला सांगा. मग घरगुती चाचणी करा:

- जोड स्वच्छ करून त्यावर डिझेल लावा.
- १५-२० मिनिटांनी कापडाने कोरडे पुसा.
- वरून पांढरा खडू घासा.

भेग असेल तर आत मुरलेले डिझेल बाहेर येते आणि खडूवर ओली रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर व्यवहार थांबवा. रेघ दिसली नाही म्हणजे जोड पक्का, असे मात्र नाही. आतली भेग या चाचणीत कळत नाही. जाणकार वेल्डरला सोबत न्या. दांडा वाकला आहे का, हे दोरी ताणून पाहता येते.

पिन कशी असावी?

पिनच्या जागी साधा बोल्ट किंवा सळईचा तुकडा चालवणे धोक्याचे आहे. पिन भोकात नीट बसणारी, सरळ आणि खाली क्लिप असलेली हवी. सोबत सुरक्षा साखळी लावली तर पिन निसटली तरी ट्रॉली सुटून जात नाही. भंगारातून सुटा हूक घेत असाल तर तो आपल्या ट्रॅक्टरच्या पिनवर लावून पाहा.

रिकामी फिरवून चालेल?

नाही. माल भरून चालवा, थांबवा, वळवा, मागे घ्या. निघताना आणि थांबताना जोराचा धक्का किंवा खडखड आली तर जोडात ढिलाई आहे. दोन चाकी ट्रॉलीत माल फार पुढे भरला तर हुकावर भार वाढतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावी. वर, टॉप लिंकच्या जागी जोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करा.

कागदपत्रे कोणती?

कायद्याने ट्रॉलीला ट्रॅक्टरपेक्षा वेगळी नोंदणी लागते. अमरावतीचा नंबर एमएच-२७, अकोल्याचा एमएच-३०. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी आणि विमा पाहा. चेसिस नंबर कागदाशी जुळवा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

हे विकणाऱ्यानेही टाळू नये. नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकलेली ट्रॉली वर्षभरानंतरही जुन्या मालकाच्या दारात नोटीस आणू शकते.

लक्षात ठेवा : हूक, दांडा, पिन आणि कागद यांपैकी एकावरही शंका असेल, तर पूर्ण खात्री होईपर्यंत इसार देऊ नका.