पुड्यावर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची



शहरातल्या मोठ्या दुकानांत आता दुकानाच्याच नावाचा माल मिळतो. डाळ, बेसन, बिस्किट, मध, सगळ्यावर दुकानाची छाप. भाव थोडा कमी, म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीला गेलं की आपण घेऊनही येतो. हा माल बहुधा दुसऱ्याच कारखान्यात बनतो. मग त्यात खोट निघाली तर दाद कोणाकडे मागायची? दुकानदार म्हणेल, "आम्ही फक्त विकतो."

असं म्हणून त्याला सुटता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो की दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो आपलं नाव लावतो, तोसुद्धा उत्पादक धरला जातो.

आता पुडा कसा वाचायचा ते पाहू. समोरची बाजू म्हणजे जाहिरात, मागची बाजू म्हणजे हिशेब. मागे घटकांची यादी असते. ज्याचं वजन सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं. समोर नाचणीचं चित्र आणि मागे पहिलं नाव मैदा, तर ते बिस्किट मैद्याचंच. यादी बहुतेक इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या, त्यात लाज कसली?

प्रश्न फक्त पैशाचा नाही. ओआरएस नावाने गोड पेयं विकली जात होती. जुलाब लागलेल्या लेकराला असं जास्त साखरेचं पेय पाजलं तर जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हुकूम काढला की ठरलेल्या प्रमाणात नसलेल्या पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द चालणार नाही. लेकरासाठी आशाताईंकडचं पाकीटच घ्या.

एकटा ग्राहक मोठ्या कंपनीपुढे टिकतो का? तमिळनाडूतलं उदाहरण ऐका. आयटीसी कंपनीच्या मारी बिस्किटाच्या पुड्यावर १६ बिस्किटं लिहिलेली, आत निघाली १५. कंपनी म्हणाली, आम्ही नगावर नाही, वजनावर विकतो. पण वजनही कमी भरलं. २०२३ मध्ये तिरुवल्लूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने त्या ग्राहकाला १ लाख रुपये भरपाई आणि १० हजार रुपये खर्च देण्याचा हुकूम केला. कारण पुरावा पक्का होता.

पुरावा कच्चा असला की काय होतं, तेही पाहा. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली. शिसं जास्त असल्याचा आणि पाकिटावर 'एमएसजी घातलेलं नाही' असं लिहिल्याचा आक्षेप होता. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या आणि कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारने ग्राहकांच्या वतीने राष्ट्रीय आयोगात सुमारे ६४० कोटी रुपयांचा दावा लावला होता. तोही एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला गेला.

म्हणून शंका आली की चार गोष्टी करा. पक्कं बिल मागा. पुडा फेकू नका, त्यावरचा बॅच नंबर आणि तारीख जपा. त्याच बॅचचा एक पुडा न फोडता ठेवा, म्हणजे आयोगाला तो प्रयोगशाळेत पाठवता येईल. आणि फोटो काढून ठेवा.

मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दुकान कुठलंही असो. मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मात्र २ वर्षांच्या आत जावं लागतं. गटातल्या अनेकींची एकच तक्रार असेल तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकीला ती मांडता येते.

शेवटी आपलंही पाहू. आपले गटही मध, चारोळी, मोहाचे लाडू विकतात. त्या पुड्यावर गटाचं नाव असतं, म्हणून त्यावरच्या प्रत्येक अक्षराची जबाबदारीही गटाचीच.