सणाची घाई आणि सम्यक आजीविका

दिवाळीच्या खर्चासाठी शेतकरी घाईने सोयाबीन वाशिमच्या बाजार समितीत आणतो, तेव्हा आधी ओलावा पाहिला जातो. माल ओला निघाला की भाव पडतो. घाईची किंमत विकणाराच मोजतो. व्हिडिओ गेमच्या धंद्यात मात्र ती बहुधा घेणारा मोजतो.

१९८२ च्या नाताळसाठी अटारी कंपनीने ‘ई.टी.’ हा गेम एका प्रोग्रामरकडून सुमारे पाच आठवड्यांत करून घेतला. मुलांची निराशा झाली. न खपलेल्या कॅसेट १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुराव्या लागल्या. १० डिसेंबर २०२० ला आलेला ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळत होता, की सोनीने आठवडाभरातच त्याची ऑनलाइन विक्री थांबवून पैसे परत देऊ केले.

अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका म्हणजे कोणाचे नुकसान वा कोणावर अन्याय न करता पोट भरणे. वस्तू अर्धवट आहे हे ठाऊक असूनही ती पूर्ण म्हणून विकणे त्यात बसत नाही. रात्रंदिवस राबवलेल्या प्रोग्रामरवरही तो अन्यायच.

आपली मुले आज संगणक शिकत आहेत. उद्या तारीख की काम असा प्रश्न आला, तर त्यांनी कामाची बाजू घ्यावी, असे आम्हाला वाटते. आणि पालकांनी नवा गेम घेण्याआधी पंधरा दिवस थांबावे. तेवढ्यात त्यातला ओलावा कळतो.