वाऱ्याला बाहेरची वाटही हवी

उन्हाळा लागला की गॅरेजमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते, 'मिस्त्री, पुढच्या फायबरला दोन भोकं पाडा, इंजिन फार तापतंय.' भोकं पडतात, दिसतातही झोकदार. इंजिन मात्र तसंच तापतं.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरभोवती पातळ पापुद्र्यांसारख्या फिन्स असतात. त्यांच्यातली उष्णता हवा घेऊन जाते. पण ती हवा सरकती हवी. पुढून आत आलेल्या वाऱ्याला मागून निघता आलं नाही, तर तो आतच कोंडतो आणि नवा वारा भोकाला वळसा घालून जातो. आम्ही कवी मंडळी वाऱ्याला कुठूनही वाहू देतो, इंजिनाला ते चालत नाही. जाणता कारागीर म्हणून आधी मागची फट बघतो. लेगगार्डला बांधलेलं रेक्झिन सोडलं, तरी बराच फरक पडतो.

स्कूटरची गोष्ट उलटी. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकचं इंजिन उजव्या बाजूच्या पत्र्याआड. तिथे वारा लागणार कसा? म्हणून फ्लायव्हीललाच पाती होती, आणि सिलिंडरवरचं आवरण त्यांची हवा नेमकी फिन्सवर नेई. 'उघडं ते गार' असं समजून कुणी हे आतलं आवरणच काढलं, तर हवा भलतीकडे पसरते. मग घाटात पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक अडकतं. लगेच क्लच दाबला तर ठीक, नाहीतर स्वार रस्त्यावर.

सिग्नलला मात्र मोटारसायकलचं कुठलंच भोक कामाचं नाही. तिथे वाराच नसतो. सरळ चावी फिरवून इंजिन बंद करावं.