पेपर मुलांचा, निकाल शाळेचा

एप्रिल उजाडला की टेक्सासमधल्या सरकारी शाळांच्या भिंती झाकल्या जातात. पाढ्यांचा तक्ता, शब्दांच्या याद्या, अपूर्णांकांची चित्रं, उत्तराला मदत होईल असं जे काही वर्गात लावलेलं असेल त्यावर कागद चिकटवला जातो. परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना गोपनीयतेच्या शपथेवर सही करावी लागते. एवढा बंदोबस्त ज्यांच्यासाठी, त्यांतले सगळ्यांत लहान परीक्षार्थी असतात तिसरीतली, आठ-नऊ वर्षांची मुलं.

या परीक्षेचं नाव ‘स्टार’. 2012मध्ये ती सुरू झाली आणि राज्याची राजधानी ऑस्टिनमधल्या विधिमंडळात तिच्यावरचा वाद तेव्हापासून धुमसतोच आहे. सप्टेंबर 2025मध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ‘स्टार रद्द’ अशा बातम्या झळकल्या. त्यांच्याबरोबर जुने गैरसमजही नव्यानं फिरू लागले. त्यांतले काही टेक्सासच्याच पालकांचे आहेत, तर काही दहावीच्या बोर्डाच्या चष्म्यातून अमेरिकेकडे पाहणाऱ्या आपल्या लोकांचे.

गैरसमज 1 : अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना परीक्षांचा ताप नसतो.

वस्तुस्थिती : तिथे बोर्डाची एकच मोठी परीक्षा नाही, हे खरं. पण जानेवारी 2002मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर सही केली आणि सगळ्या राज्यांना एक वेळापत्रक लागू झालं. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये या दोन विषयांची आणखी एकेकदा परीक्षा, शिवाय शालेय आयुष्यात तीन वेळा विज्ञान. बेरीज होते 17. डिसेंबर 2015मध्ये बराक ओबामांच्या काळात या कायद्याची जागा ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानं घेतली. शाळांवरच्या कारवाईचे बरेचसे अधिकार राज्यांकडे परत गेले, 17 परीक्षा मात्र राहिल्या.

गैरसमज 2 : परीक्षेत नापास झालं की मुलाचं वर्ष वाया जातं.

वस्तुस्थिती : टेक्सासमध्ये पाचवी आणि आठवीसाठी पूर्वी असा नियम होता. 2021च्या कायद्यानं तो काढून टाकला. हायस्कूल पूर्ण करताना मात्र पाच विषयांच्या परीक्षा आजही अडसर ठरू शकतात. त्यातही एक-दोन विषयांत अडकलेल्या मुलाची एकूण कामगिरी पाहून शाळेतली समिती त्याला हायस्कूल उत्तीर्ण ठरवू शकते. ही वाट 2015मध्ये खुली झाली.

खरा धसका असतो तो शाळेला. मुलांच्या गुणांवरून शाळांना ‘ए’ ते ‘एफ’ श्रेणी मिळते. एखादी शाळा सलग पाच वर्षं नापास ठरली, तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी एकतर ती शाळा बंद करावी किंवा त्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या शालेय जिल्ह्याचं निवडून आलेलं शिक्षण मंडळ बाजूला सारून स्वतःची माणसं नेमावीत, असं 2015चा आणखी एक कायदा सांगतो. ह्यूस्टनमध्ये नेमकं हेच घडलं. फिलिस व्हीटली हायस्कूल या एका शाळेच्या सततच्या घसरलेल्या श्रेणीमुळे राज्यातल्या सर्वांत मोठ्या शालेय जिल्ह्याचा कारभार जून 2023मध्ये राज्याच्या हाती गेला. मधली काही वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली होती.

आपल्याकडे बोर्डाचा निकाल मुलाच्या नावावर लागतो. तिकडे तिसरीतल्या मुलाच्या पेपरवर शाळेचा निकाल लागतो. ऑस्टिनमधली सगळी भांडणं या एका गोष्टीभोवती फिरतात.

गैरसमज 3 : परीक्षा कमी करा म्हणणाऱ्यांना मुळात अभ्यासच नको असतो.

वस्तुस्थिती : 2012मध्ये टेक्सासच्या हायस्कूलमधल्या मुलांसमोर 15 विषयांच्या अंतिम परीक्षा वाढून ठेवल्या होत्या आणि त्यांतले गुण विषयाच्या एकूण गुणांत 15 टक्के धरायची तरतूद होती. त्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या प्रामुख्यानं आया, आणि अनेकींची मुलं अभ्यासात हुशार होती. दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध लढणारी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना अमेरिकेत घरोघरी माहीत आहे. लोकांनी या आयांना त्याच चालीवर नाव दिलं, ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक टेस्टिंग’. त्याच वर्षी राज्याचे तेव्हाचे शिक्षण आयुक्त रॉबर्ट स्कॉट यांनीही परीक्षेचा मूळ हेतू विकृत झाल्याची जाहीर कबुली दिली. आठशेहून अधिक स्थानिक शिक्षण मंडळांनी परीक्षांच्या अतिरेकाविरुद्ध ठराव केले. 2013मध्ये 15च्या 5 परीक्षा झाल्या, आणि त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिक पेरी कट्टर रिपब्लिकन होते.

विरोधकांची यादीही अशीच चकवणारी आहे. ऑस्टिनमध्ये उद्योजकांच्या संघटनेनं कपातीला हरकत घेतली होती. देशपातळीवर 2015मध्ये डझनभर नागरी हक्क संघटनांनी पालकांनी परीक्षांवर घातलेल्या बहिष्काराला विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. 2002पूर्वी शाळेची सरासरी चांगली दिसली की तिच्याआड कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि अपंग मुलांचं मागे पडणं झाकलं जाई. प्रत्येक गटाचे आकडे वेगळे जाहीर करणं सक्तीचं झालं, तेव्हा ते उघड्यावर आलं. परीक्षाच नसेल, तर ती दरी दाखवायची कशी?

गैरसमज 4 : राज्याच्या विधिमंडळानं मनावर घेतलं, तर सगळ्या परीक्षा रद्द होतील.

वस्तुस्थिती : मनावर घेऊन झालं आहे. चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना मधल्या काही इयत्तांच्या परीक्षांतून सूट द्यावी, असं विधेयक 2013मध्ये मंजूर झालं. त्यावर गव्हर्नरची सहीही झाली. पण अंमलबजावणी वॉशिंग्टनच्या परवानगीवर अवलंबून होती आणि केंद्रीय शिक्षण खात्यानं ती नाकारली. कायदा कागदावरच राहिला.

राज्य 17पेक्षा जास्त परीक्षा घेऊ शकतं, कमी नाही. गरीब मुलांच्या शाळांसाठी येणारा केंद्राचा निधी या अटीशी बांधलेला आहे. शिवाय किमान 95 टक्के मुलांची परीक्षा घेणंही बंधनकारक आहे. त्यामुळे ‘परीक्षा हटवा’ अशी घोषणा ऐकू आली, तर ती 17च्या आतल्या परीक्षेबद्दल आहे की बाहेरच्या, हे आधी पाहावं लागतं.

गैरसमज 5 : सगळं शालेय वर्ष परीक्षांतच जातं.

वस्तुस्थिती : मोठ्या शहरांतल्या शाळांच्या एका परिषदेनं 66 शालेय जिल्ह्यांचा अभ्यास करून 2015मध्ये अहवाल दिला. बालवाडीपासून बारावीपर्यंत एक मूल सरासरी 112 सक्तीच्या चाचण्या देतं, असं त्यात दिसलं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण चाचण्यांत सर्वाधिक वेळ जाणाऱ्या आठवीतही तो वर्षाच्या साधारण 2.3 टक्के निघाला. टेक्सासनं तर त्याच वर्षी कायदाच केला, की तिसरी ते पाचवीची परीक्षा 85 टक्के मुलांना 2 तासांत पूर्ण करता यावी, अशीच तिची रचना हवी.

या हिशेबात पूर्वतयारी मात्र धरलेली नाही. सराव परीक्षा, उजळणीचे तास, चित्रकलेला कात्री लावून घेतलेलं वाचन, हे सगळं वेगळं. आणि 112मधल्या अनेक चाचण्यांची सक्ती कायद्यानं केलेली नव्हती, त्या जिल्ह्यांनी स्वतःहून लादल्या होत्या. स्टारची धास्ती घेऊन ‘आपली मुलं कुठे आहेत’ ते आधीच तपासायचं, म्हणून परीक्षेची परीक्षा.

गैरसमज 6 : 2025च्या कायद्यानं परीक्षा कमी केल्या.

वस्तुस्थिती : संख्या मोजली, तर वाढल्या. 2027-28पासून वर्षअखेरच्या एका मोठ्या परीक्षेऐवजी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन छोट्या परीक्षा होतील. बाजूनं बोलणारे म्हणतात, की निकाल काही आठवड्यांऐवजी दोनेक दिवसांत हाती येईल, शिक्षकाला त्याच वर्षी त्याचा उपयोग करता येईल आणि शाळांच्या सराव परीक्षांना चाप बसेल. विरोधक म्हणतात, की एका धास्तीच्या तीन झाल्या आणि शाळांची श्रेणी अजूनही गुणांवरच ठरणार. जून 2025मध्ये नियमित अधिवेशन संपलं, तेव्हा याच विषयावरचं पहिलं विधेयक दोन्ही सभागृहांच्या मतभेदात बुडालं होतं. परीक्षा बदलायला दोघांचीही तयारी होती. परीक्षा आणि श्रेणी यांवर राज्याच्या शिक्षण खात्याची पकड किती असावी, यावर गाडी अडली. पुढे विशेष अधिवेशनात तोडगा निघाला.

डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांतून नव्या कायद्याचा नेमका हिशेब असा मांडता येईल : ऑगस्ट 2025मध्ये पहिलीत बसलेलं मूल 2027-28मध्ये तिसरीत असेल आणि त्याला स्टार कधीच द्यावी लागणार नाही. त्याऐवजी त्या वर्षी तीनदा परीक्षा द्यावी लागेल. तोवर पालकसभेत शाळेला एक प्रश्न जरूर विचारावा : वर्षभरातल्या चाचण्यांपैकी केंद्राच्या कायद्याच्या किती, राज्याच्या किती आणि जिल्ह्यानं स्वतःहून घातलेल्या किती? या तिसऱ्या प्रकारच्या चाचण्या कमी करायला ऑस्टिनची वाट पाहावी लागत नाही. तो निर्णय स्थानिक मंडळाच्या पुढच्या बैठकीतही होऊ शकतो.