दांपत्यकलह आणि मराठी स्त्रियांची आत्मकथने

पतिपत्नींच्या भांडणाचे चित्रण आपल्या साहित्यपरंपरेत बहुधा दोन साच्यांत झाले आहे : एक प्रणयकोपाचा, दुसरा कजाग बायकोचा. दोहोंतही भांडणाचा विषय गौण ठरतो. तुकोबांच्या चरित्रकथांतील आवलीची तक्रार उपासमारीची होती; लक्षात राहिला तो तिचा तोंडाळपणा. भांडणाला त्याचा विषय परत मिळवून दिला तो स्त्रियांच्या आत्मकथनांनी.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीचा रोष शब्दांपेक्षा अबोल्यातून प्रकटतो, आणि तो अबोला सोडविण्याचा भार पत्नीवर असतो. ‘माझे पुराण’ (१९४४) मध्ये बाया कर्वे यांचा प्रश्न अधिक रोखठोक आहे. अण्णासाहेबांनी विम्याची पुंजीही आश्रमाला दिली; मग मुलाबाळांचे काय? येथे कलह दोन स्वभावांचा नव्हे, तर दोन कर्तव्यांचा आहे.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा (पहिला भाग १९३४) प्रसंग याहून बिकट होय. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. समेट एकदम झाला नाही. आधी दुरावा, मग पुन्हा सहवास. तरीही लक्ष्मीबाईंचे सोवळेओवळे काही काळ निराळेच राहिले. टिळकांनी बळजबरी केली नाही. जातिभेद ईश्वरकृत नाही, हे स्वतःला पटल्यावरच लक्ष्मीबाई बदलल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तापट पतीकडे आणि स्वतःच्या फजितीकडे सारख्याच मिस्किलपणे पाहणारा त्यांचा विनोद जखम झाकीत नाही. ती सांगता येण्याजोगी करतो.

आनेकलसारख्या कन्नड मुलखातील गावी ही पुस्तके वाचताना बाराव्या शतकातील वचनकार आयदक्की लक्कम्मा आठवते. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या मारय्याने एके दिवशी गरजेपेक्षा अधिक आणले, तेव्हा तिने ते परत टाकून येण्यास सांगितले. तेथे पत्नीचा विरोध हाच धर्मोपदेश ठरला व परंपरेने तो आदराने जपला. आवलीला हे भाग्य लाभले नाही. फरक स्त्रियांच्या स्वभावात नव्हे, नोंदीत आहे : लक्कम्मेची वचने तिच्या नावाने उरली, आवलीचे बोलणे मात्र इतरांनीच सांगितले.

म्हणून या आत्मकथनांकडे केवळ थोर पुरुषांच्या चरित्राची साधने म्हणून पाहणे अपुरे आहे. भांडणाची दुसरी बाजू प्रथमपुरुषी निवेदनातून नोंदविली गेली, हेच त्यांचे वाङ्मयीन महत्त्व होय.