शंभर मैलांच्या रानातली भूक

अमेरिकेतल्या मेन राज्यातलं मॉन्सन हे छोटं गाव मागे पडलं की ॲपलाचियन ट्रेलच्या वाटेवर एक पाटी लागते: दहा दिवसांचा शिधा सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथून साधारण 160 किलोमीटर फक्त रान, तळी, ओढे आणि मुळांनी विणलेली ओली वाट. मध्ये गाव नाही. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावरून मार्च-एप्रिलमध्ये निघून चौदा राज्यं पायी पार करणारे इथवर पोचतात, तेव्हा सुमारे 3,500 किलोमीटरच्या वाटेतलं थोडंच अंतर उरलेलं असतं. पूर्ण वाट चालायला निघालेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांशच शेवट गाठतात.

या टप्प्यावर पाय तयार झालेले असतात. अडचण असते ती पोटाची.

साधं गणित करून पाहू. सत्तर किलो वजनाचा तरुण नुसता पडून राहिला तरी त्याचं शरीर दिवसाला साधारण 1,700 किलोकॅलरी खर्चतं. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चढ-उतार करताना हा आकडा सहज पाच हजारांच्या आसपास जातो. दहा दिवस रोज 4,000 किलोकॅलरी खायच्या तर किती ओझं होईल? पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅममागे सुमारे 4 किलोकॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ 9. नुसत्या भात-ओट्सवर भिस्त ठेवली तर दहा किलोंच्या वर शिधा लागेल. शेंगदाण्याचं लोणी, सुकामेवा, चीज, ऑलिव्ह तेल वाढवून सरासरी ग्रॅममागे 5 किलोकॅलरी साधली, तर आठ किलोंत भागतं. म्हणूनच हे चालणारे जेवणात तेलाची बाटली उपडी करतात, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

तरीही रोज हजारभर किलोकॅलरींची तूट उरतेच. एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी असतात; म्हणजे आठवडाभरात जवळपास एक किलो वजन गेलं. मग पाच महिन्यांत माणूस संपत कसा नाही? एक तर वाटेत गावं लागतात आणि तिथे तो पोट फुटेस्तोवर खातो. दुसरं कारण मला जास्त विलक्षण वाटतं. 2015 मध्ये काही धावपटू अमेरिका आडवी पार करत महिनोन्‌महिने जवळजवळ रोज मॅरेथॉन धावले. हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजन-ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेलं पाणी पाजून त्यांचा ऊर्जाखर्च मोजला. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शर्यतीच्या शेवटाकडे त्यांचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 600 किलोकॅलरींनी कमी होता. मिळकत घटली की घर जसं इतर खर्चांना कात्री लावतं, तसंच शरीरानं केलं होतं. दीर्घकाळ पेलता येणारी मर्यादा त्यांनी विश्रांतीतल्या खर्चाच्या अडीच पट अशी काढली. आपल्या सत्तर किलोच्या तरुणासाठी ती होते 4,250. संशोधकांचा तर्क असा की ही मर्यादा पचनसंस्था घालते. त्याहून जास्त अन्न रोजच्या रोज शोषून घेणं तिला जमत नाही. त्यापुढचं शरीर स्वतःच्या साठ्यातून भागवतं.

या काटकसरीची किंमत संध्याकाळी कळते. सप्टेंबरच्या शेवटी मेनच्या रात्री गोठणबिंदूजवळ येतात आणि अंगावर चरबीचं आवरण उरलेलं नसतं. झोपण्याआधी काहीतरी खाल्लं की पचनातून थोडी ऊब मिळते, म्हणून अनुभवी माणूस शेवटचा घास स्लीपिंग बॅगमध्ये शिरताना खातो. गप्पाही अन्नाच्याच. मिनेसोटात 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 निरोगी स्वयंसेवकांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हा त्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. चरबी घटली की भूक आवरणारं लेप्टिन कमी होतं, भूक चेतवणारं ग्रेलिन वाढतं, आणि मेंदूला दुसरं काही सुचेनासं होतं.

रेनबो लेजेस या खडकाळ माथ्यावरून हवा स्वच्छ असली तर कटाडिन दिसतो: सुमारे 1,600 मीटर उंचीचा, वाटेचा शेवट. पायथ्याच्या तळापासून माथा साधारण साडेआठ किलोमीटर, चढ बाराशे मीटरांहून जास्त, काही ठिकाणी लोखंडी गजांना धरून. माथ्यावर मुक्काम नाही, त्याच दिवशी उतरायचं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. सह्याद्रीत एखादा मोठा गड उतरल्यावर दोन दिवस जिना नकोसा होतो, तो यामुळेच. पण महिनोन्‌महिने उतार उतरलेले स्नायू या माराला सरावतात आणि दुसऱ्या दिवशी फारसे दुखत नाहीत.

भूक मात्र वाट संपली म्हणून थांबत नाही. चालणं एका दिवसात बंद होतं, खर्च कोसळतो आणि खाणं तसंच राहतं. गेलेलं वजन मग बहुतांशी चरबीच्या रूपानं परत येतं. तेव्हा लांबचा ट्रेक आटोपून घरी आलात तर चालणं एकदम सोडू नका. तेल-साखर हळूहळू उतरवा, आणि गेलेल्या स्नायूंसाठी डाळ, दूध, अंडी यांना ताटात आधी जागा द्या.